खालून वाट आहे

ऑफिसात त्यांना सगळे 'मार्था जी' म्हणत. मी एकटाच 'बाई' म्हणायचो. रुजू झालो त्या दिवशी तोंडातून सहज निघून गेलं, आणि मग जीभ चावली. दिल्लीत बाई म्हणजे घरकाम करणारी, एवढं मला इथे आल्यापासूनच्या आठवड्याभरात कळलं होतं. पण त्या हसल्या. म्हणाल्या, "म्हण रे. नगरच्या शाळेत माझ्या आईला सगळे बाई म्हणायचे. फार वर्षांनी कानावर पडलं."

मार्था शांतवन साळवे. दारावरच्या पाटीवर हुद्दा लिहिलेला होता 'वरिष्ठ ड्राफ्ट्समन', आणि त्यातला 'मन' बदलून 'वुमन' करावं असं त्यांना कधी वाटलं नाही. "पाटी बदलून काय होतंय, पगारपत्रकावर मी पुरुषच राहणार," म्हणायच्या. बुटक्या, काटक, केसांचा चापून बांधलेला अंबाडा, सुती साडी आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. हे बूट त्या वर्षभर घालायच्या, मंत्रालयात मीटिंगला जातानासुद्धा.

आमच्या कचेरीचं काम असं होतं की दिल्ली आणि तिच्या भोवतीची शहरं पुढची वीस वर्षं कुठे कशी वाढतील, रस्ते कुठून जातील, मेट्रो कुठे थांबेल, हे कागदावर मांडायचं. मांडायचं आम्ही, बांधायचं दुसऱ्यांनी, आणि निस्तरायचं तिसऱ्यांनी. बाई तिथे तिशी लागायच्या आत आल्या होत्या. त्या काळी पारदर्शक कागदावर शाईच्या पेननं नकाशे काढत. त्यांच्या हातची अक्षरं असलेल्या जुन्या शीट्स रेकॉर्डरूममध्ये अजून होत्या. गावांची नावं अशी लिहिलेली की वाटावं, ही गावं कधी पुसली जाणारच नाहीत. पुढे संगणक आले, बरोबरीचे लोक स्वेच्छानिवृत्ती घेऊन गेले. बाईंनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर सगळं नव्यानं शिकून घेतलं, आणि आम्हा पोरांना शिकवलंही.

कुठलाही नकाशा समोर आला, तो कितीही मोठ्या साहेबानं केलेला असो, की त्या रस्त्याच्या रेघेवर बोट ठेवायच्या आणि विचारायच्या, "माणूस कुठून ओलांडणार?" इंजिनिअर लोक वैतागायचे. एकानं एकदा म्हटलं, "मार्था जी, ये एक्सप्रेस वे है, मोहल्ले की गली नहीं." त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "अच्छा. तो मोहल्ला कहाँ गया?"

शनिवारी दुपारी आम्ही दोघं कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथिगृहात जेवायला जायचो. भाकरी मिळायची, ठेचा मिळायचा. पायीच जायचो. वाटेत दोन मोठे रस्ते लागत. दिल्लीकर ओलांडतात तसं धावत ओलांडायला त्यांची बंदी होती. कडेला उभं राहायचं, येणाऱ्या गाडीच्या काचेतून आत बघायचं, नजरेला नजर मिळाली की हात वर करायचा आणि चालू लागायचं. "गाडी थांबत नाही रे, ड्रायव्हर थांबतो. त्याच्याकडे बघ," असं त्यांचं मला पहिल्या महिन्यातलं शिक्षण.

लक्ष्मीबाई नगरात आमची क्वार्टर्स जवळजवळ होती. आई वारल्यापासून बाई एकट्याच राहत. लग्न केलं नव्हतं. दारात कढीपत्ता, मागे मोगरा, आणि नाताळच्या आठवड्यात सगळ्या मराठी घरांत त्यांच्याकडून करंज्यांचा डबा. माझी मुलगी रेवा तेव्हा पाच-सहा वर्षांची. एकदा ती त्यांना सांगत होती, "आजी, मी आज एकटीनं रोड क्रॉस केला." बाई म्हणाल्या, "केलास? आणि रस्ता ओलांडला नाहीस?" रेवा गोंधळली. ओलांडणं हा शब्द तिनं ऐकलेलाच नव्हता. मग बाईंनी अंगणात खडूनं दोन रेघा मारल्या आणि तासभर दोघी रस्ता ओलांडत होत्या. मेधा, माझी बायको, खिडकीतून बघत म्हणाली, "या बाईंना मुलं असायला हवी होती." मला तसं वाटलं नाही. मला वाटलं, यांना अख्खं शहर असायला हवं होतं.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो.

गुरुग्रामच्या अलीकडे एक गाव होतं. नाव लिहीत नाही, आता तिथे सेक्टरचा नंबर आहे. त्या गावाच्या शेतांतून नवा मोठा रस्ता जायचा होता. निम्मी शेतं रस्त्यात जाणार होती, निम्मी पलीकडे उरणार होती. शाळाही पलीकडे, गावाचं स्मशानही पलीकडे. बाईंनी त्या शीटवर, एका कीकरच्या झाडाशेजारी, म्हणजे आपल्या बाभळीशेजारी, रस्त्याखालून एक भुयारी वाट काढली होती. माणसं, सायकली, म्हशी जातील एवढी.

तिथून किती माणसं ये-जा करतात हे मोजायला मला पाठवलं. बाई म्हणाल्या, मीही येते, जागा बघायची आहे. ऑफिसची गाडी मोकळी होती त्या दिवशी आम्ही गेलो. तो दुसरा शनिवार होता. शाळा बंद. आम्ही सकाळपासून दुपारपर्यंत झाडाखाली बसलो. बाई बोटांच्या पेरांवर मोजत होत्या, मी कागदावर रेघा मारत होतो. फारसं कुणी आलं नाही.

दुपारी एक बाई ताकाचा गडू घेऊन आली. उंच, साठीची, ओढणीचं टोक दातात धरून बोलणारी. ओमवती नाव. तिचा गोठा पलीकडे होता. दिवसातून चार वेळा तिला तिकडे जावं लागायचं. आम्ही कशासाठी बसलोय हे ऐकल्यावर ती हसली. "आज तो छुट्टी है. परसों आकै देखियो, मेला लाग्या रहवै है याड़ै." परवा सोमवारी इथे जत्रा लागलेली असते, असं तिचं म्हणणं. मग शीटकडे बघत तिनं पलीकडे जायचं कसं ते विचारलं, "सड़क तो बढ़िया बणैगी. पर न्यूं बता, हम परली तरफ किस तरियां जावांगे?"

बाईंनी गाडीच्या बॉनेटवर शीट पसरली. "यहाँ से, माँजी. ये आपका कीकर है ना, इसके बगल से. नीचे से रास्ता है. गाड़ियाँ ऊपर से जाएँगी, आप नीचे से."

ओमवतीनं आपला अंगठा त्या जागेवर ठेवला. "याड़ै सै?" म्हणजे, इथूनच का?

"यहीं से."

तिनं मान हलवली, गडू उचलला आणि गेली. एवढीच भेट.

त्यानंतर काही महिन्यांनी ती मीटिंग झाली. तीन खात्यांचे लोक होते. रस्त्याच्या एका बाजूची हद्द पालिकेकडे आलेली, दुसरी बाजू अजून पंचायतीत, आणि मधला रस्ता तिसऱ्याच खात्याचा. भुयारी वाटेला कुणाचाच विरोध नव्हता. प्रश्न एवढाच होता की पावसात तिच्यात पाणी भरलं तर पंप कोण चालवणार. दिवे कोण लावणार. तासभर त्यावर चर्चा झाली. "हमारा तो उस खंभे तक है जी," असं एकजण तीनदा म्हणाला. शेवटी आमचे संचालक म्हणाले, "पंप पे पूरा प्रोजेक्ट अटक जाएगा. अभी हटा दीजिए, फेज टू में देख लेंगे." माणूस वाईट नव्हता. दर होळीला घरच्या गुजिया आणून स्वतः टेबलाटेबलावर वाटायचा.

हटवायला कारण लागतं. कारण माझ्याकडे होतं. त्या शनिवारची मोजणी. मी टिपणात लिहिलं, सदर ठिकाणी पादचाऱ्यांची वर्दळ किरकोळ स्वरूपाची आढळते.

बाईंनी ते वाचलं. "दुसरा शनिवार होता, निनाद. शाळा बंद होती."

"बाई, मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, तारीख कोण बघतं."

त्या स्क्रीनकडे वळल्या. संगणकावरचा नकाशा एकावर एक थर ठेवल्यासारखा असतो. रस्ते एका थरात, झाडं दुसऱ्या, पाण्याच्या लाइन तिसऱ्या. प्रत्येक थराच्या नावापुढे एक छोटा पिवळा दिवा असतो. तो विझवला की थर दिसेनासा होतो. बाईंनी 'पादचारी' या थराचा दिवा विझवला. कीकरशेजारची वाट स्क्रीनवरून गेली. त्यांनी प्रिंट काढली, मी ती सहीसाठी नेली.

मी दारात पोचलो तेव्हा त्या मागून म्हणाल्या, "पुसलं नाहीये मी. फक्त बंद केलंय." मी थांबलो, मागे पाहिलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

रस्ता झाला. मंत्री आले, फिती कापल्या. चार-पाच महिन्यांनी एका सकाळी बाई म्हणाल्या, "चल, बघून येऊ." मला टाळता आलं असतं. पण गेलो.

कीकर नव्हताच. सहा पदरी रस्ता, मधे दुभाजक, त्यावर लोखंडी कठडा. दोन दिव्यांच्या खांबांमधे कठड्याचे गज कुणीतरी वाकवले होते आणि त्या फटीतून लोक जात होते. डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेली एक तरुण बाई आमच्या शेजारी येऊन उभी राहिली. गाड्यांमध्ये फट पडायची वाट बघत होती. मग तिनं बाईंकडे पाहिलं. बुटांकडे पाहिलं. "आप वो नक्शे वाली मैडम हो ना?"

ती सुनीता. ओमवतीची सून.

बाईंनी विचारलं, "माँजी कैसी हैं?"

सुनीतानं भारा खाली ठेवला. म्हणाली, "अम्मा तो गई. सर्दियों में. यहीं." तिनं फटीकडे बोट दाखवलं. "घरवाले बोलते थे, आगे से घूम के जाया कर, वहाँ सड़क में कट है. नहीं मानी. रोज यहीं आकर खड़ी होती. कहती, मैडम ने कागज पे दिखाया था, रास्ता यहीं से है."

एक ट्रक गेला. आमच्या अंगावर धूळ आली. सुनीतानं भारा परत डोक्यावर घेतला, फट सापडली तशी धावत पलीकडे गेली. बाई जागच्या हलल्या नाहीत. मी त्यांचा दंड धरला तेव्हा तो लाकडासारखा झाला होता. गाडीत बसल्यावर त्या म्हणाल्या, "थांबत होती ती तिथे. मी सांगितलेल्या जागी."

त्यानंतरच्या बाई वेगळ्या होत्या. काम तसंच चोख. पण कधी खिडकीबाहेर कुणी जोरात ब्रेक लावला की त्या माउस सोडून ताडकन उभ्या राहायच्या, आणि मग परत बसायच्या. एकदा मला जवळ बोलावून त्यांनी नकाशाच्या कोपऱ्यातली चौकट दाखवली. तिथे आखणी करणाऱ्याचं नाव असतं. "इंजिनिअर बदलतात, साहेब बदलतात. त्या रस्त्यावर कुणाचंच नाव नाही. इथे कोपऱ्यात माझं आहे," त्या म्हणाल्या.

"बाई, टिपण माझं होतं."

"असू दे. तुझं तू बघ."

हे त्यांनी रागानं म्हटलं नव्हतं. पण ते वाक्य माझ्यापाशी राहिलं आहे.

शनिवारच्या जेवणाला एकदा त्यांनी भाकरी मोडली आणि तशीच ठेवली. म्हणाल्या, "आमच्या चर्चमध्ये पाद्र्यासमोर बसून कबुली द्यायची पद्धत नाही. थेट देवाला सांगायचं. सांगून पाहिलं. पण त्याला तर आधीच माहीत आहे रे. ज्याला माहीत नाही, त्याला सांगायला पाहिजे."

त्या रविवारी प्रार्थनेहून परस्पर त्या गावात गेल्या. एकट्या. सोमवारी मी विचारलं, "सांगितलंत?"

"सांगितलं. म्हटलं, वाट होती, मी काढली होती, आणि मीच घालवली. सुनीतानं विचारलं, किसने कहा था हटाने को? मी म्हटलं, कहा किसी ने भी हो, हाथ मेरा था."

"मग?"

"म्हणाली, चाय ठंडी हो रही है."

त्यापुढे सुनीता त्यांच्याशी कितीतरी महिने बोलली नाही. आणि बाई दर शनिवारी, दर रविवारी त्या फटीपाशी जाऊन उभ्या राहू लागल्या. मेट्रोनं जायच्या, पुढे रिक्षानं. शनिवारी शाळेच्या वेळेला, दोन्ही दिवस धारेच्या वेळेला. काचेतून ड्रायव्हरच्या नजरेला नजर द्यायची, हात वर करायचा, आणि मागे पोरं, बाया, म्हशी घेऊन रस्ता ओलांडायचा. लोक शिव्या द्यायचे. एकजण खाली उतरून ओरडला, "आंटी मरना है क्या?" त्या म्हणाल्या, "नहीं भैया. इसीलिए तो हाथ दिखाया." सुरुवातीला पोलिसांनी हुसकावलं. नंतर त्यांतलाच एक हवालदार उन्हात त्यांच्यासाठी खुर्ची आणून ठेवू लागला. सुनीता बोलत नव्हती, पण शनिवार-रविवारी आपल्या दोन्ही मुलांना बाई उभ्या असतील तेव्हाच ती रस्त्याशी आणायची.

ऑफिसात त्यांनी लिहायला सुरुवात केली. अर्ज, स्मरणपत्रं, टिपणं. प्रत्येकासोबत तो थर चालू करून काढलेली प्रिंट जोडलेली. मोजणी सुट्टीच्या दिवशी झाली होती असं सांगणाऱ्या एका टिपणावर एकदा मीही सही केली. माझी बदली झाली नाही. बाईंची झाली, त्याच इमारतीत, तळमजल्यावरच्या रेकॉर्डरूममध्ये. मी वर्षभरात सरकारी नोकरी सोडली आणि गुरुग्रामच्या एका सल्लागार कंपनीत लागलो. लोक म्हणाले, चांगला चान्स मिळाला.

निवृत्तीच्या निरोपसमारंभाला मी मुद्दाम गेलो. समोसे, गुलाबजाम, शाल. संचालकांनी कौतुकाचं भाषण केलं आणि म्हणाले, मार्था जी दोन शब्द बोलतील. बाई उभ्या राहिल्या. साध्या हिंदीत, आवाज न चढवता, त्यांनी ओमवतीची गोष्ट सांगितली. ताक, कीकर, अंगठा, पंप, थर. कुणाचं नाव घेतलं नाही, स्वतःचं सोडून. "मैंने उनसे कहा था, नीचे से रास्ता है. फिर मैंने रास्ता हटाया और उनको बताने नहीं गई. ऑफिस से वहाँ तक डेढ़ घंटा लगता है. मैं गई नहीं. बस इतना ही कहना था." त्या बसल्या.

मग संचालक हसत उठले. "मार्था जी आज भावुक हो गई हैं." कुणीतरी टाळ्या वाजवल्या. समोशांचे डबे फिरू लागले.

मला आजवर कळलेलं नाही, की आम्ही सगळे अभ्यास करणारे, आकडे ठेवणारे लोक, आमच्यापैकी कुणालाच त्या डेढ़ घंट्याचं कसं सुचलं नव्हतं.

लक्ष्मीबाई नगरातली जुनी क्वार्टर्स पाडायला घेतली होती. तिथे आता उंच इमारती आहेत. बाईंना कुठेतरी जायचंच होतं. नगरला भाऊ होता, तो बोलवत होता. पण एक दिवस सुनीतानं त्यांना रस्त्याच्या कडेलाच गाठलं आणि म्हणाली, "ऊपर का कमरा खाली है." मधल्या महिन्यांबद्दल अक्षर नाही. बाई सामान घेऊन त्या गावात राहायला गेल्या. गाव तरी कुठलं, चार-चार मजली खोल्या, खाली मोबाइलची दुकानं, वर कॅब चालवणारी आणि सोसायट्यांत काम करणारी माणसं, आणि चहूबाजूंनी काचेच्या इमारती. त्यांतच एका इमारतीत माझं ऑफिस, एकीत माझं घर.

सुनीता आणि बाई मिळून लढल्या. सुनीताला अर्ज लिहिता येत नव्हते आणि बाईंना भांडता येत नव्हतं. दोघींनी आपापलं काम केलं. माहिती अधिकाराचे अर्ज, सुनावण्या, आमदाराच्या दारातले हेलपाटे. पाच-सहा वर्षं गेली. भुयारी वाट आता शक्य नाही, खालून गॅसच्या आणि केबलच्या लाइन गेल्या आहेत, असं सांगण्यात आलं. पण पादचारी पूल मंजूर झाला. बाईंनी जागेसाठी हट्ट धरला होता. तो बरोबर त्या दोन खांबांमधे झाला. दोन्ही बाजूंना जिना. लिफ्टसाठी खांब उभे केले, लिफ्ट काही आली नाही. तिथे पत्रा ठोकून ठेवला आहे.

मला वाटलं, सुटल्या आता बाई.

पूल झाल्याच्या दोन महिन्यांनी सुनीताचा फोन आला. "भाईसाहब, एक बार आकर मैडम को समझाओ. पुल बन गया, सब ऊपर से जाते हैं. वो अब भी नीचे खड़ी रहती हैं."

मी गेलो. वरच्या मजल्यावरची खोली स्वच्छ होती. बाईंनी चहा केला, आल्याचा. रेवाच्या कॉलेजची चौकशी केली. एका शेजाऱ्याच्या अर्जातल्या चुका दुरुस्त करून दिल्या. सगळं नेहमीसारखं. मग मी म्हटलं, "बाई, पूल झाला ना आता."

"झाला. चांगला झालाय. पोरं धावत चढतात."

"मग तुम्ही खाली कशाला?"

त्यांनी कप खाली ठेवला. "तिला चढवत नाही रे. गुडघे दुखतात तिचे."

"कुणाचे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. उगाच विचारणाऱ्याकडे बघतात तसं. "लिफ्ट होईपर्यंतच," त्या म्हणाल्या आणि बिस्किटांचा डबा पुढे केला.

खाली सुनीता दारात कणीक मळत बसली होती. तिनं मान वर न करताच विचारलं, "क्या बोलीं?" मी म्हटलं, डॉक्टरला दाखवू या का. ती मळायची थांबली.

"बावली नहीं हैं मैडम. मेरे को भी लगता है, अम्मा वहीं खड़ी है. मैं उधर देखती ही नहीं. सीधा पुल चढ़ जाती हूँ. मैडम देखती हैं, बस."

मी परत आलो. नंतर जायचं जायचं म्हणत राहिलो. माझ्या घरापासून ते गाव वीस मिनिटांवर आहे.

बाई यंदा उन्हाळ्याच्या सुरुवातीला गेल्या. चार दिवस ताप होता. सुनीता उशाशी होती. माती द्यायला नगरहून भाऊ आला, चर्चचे लोक आले, आणि गावातली कितीतरी माणसं आली. तो हवालदारही आला होता, साध्या कपड्यांत.

पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या महिनाभर आधी. सकाळचे दहा वाजले असतील. मी कॅबनं एका मीटिंगला निघालो होतो, मांडीवर लॅपटॉप, त्यावर कुठल्याशा नव्या रस्त्याचं सादरीकरण. अचानक गाडीचा वेग मंदावला. ड्रायव्हर म्हणाला, "एक माताजी हैं."

मी वर पाहिलं. पुलाखाली, रस्त्याच्या कडेला बाई उभ्या होत्या. वर पुलावरून माणसांची रांग चालली होती. बाईंचा उजवा हात वर होता आणि त्या सरळ आमच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत बघत होत्या. डावा हात कोपरात वाकवून त्यांनी अंगापासून जरा दूर धरला होता. कुणाला तरी धरायला दिल्यासारखा.

ड्रायव्हर थांबला. शेजारच्या लेनमधला ट्रकही थांबला. बाई निघाल्या. त्या भराभर चालणाऱ्या, मला त्यांच्याबरोबर चालताना नेहमी धाप लागायची. आता त्या अर्धं पाऊल टाकत, मग थांबत, मग पुन्हा अर्धं. मान जराशी डावीकडे कललेली, बाजूचं माणूस काहीतरी बोलतंय ते ऐकत असल्यासारखी. दुभाजकाच्या फटीपाशी त्या आधी बाजूला झाल्या, थांबल्या, आणि मग स्वतः शिरल्या. पलीकडचे तीन पदरही तसेच. मागे कुणीतरी हॉर्न वाजवायला लागलं. आमचा ड्रायव्हर हलला नाही.

पलीकडच्या कडेला पोचल्यावर बाईंनी वाकवलेला हात सोडला. थोडा वेळ समोर बघत उभ्या राहिल्या. काहीतरी म्हणाल्याही, ओठ हलताना दिसले. मी काच खाली केली. त्यांना हाक मारावी असं वाटलं.

मग त्या वळल्या आणि परत येऊ लागल्या. येताना हात मोकळे होते, आणि त्या भराभर चालत होत्या.